शून्य की डाग?

उर्दू आकड्यांत शून्य म्हणजे नुसते एक टिंब, आणि दोन व तीन यांत फरक एका दात्याचा. मूळ कागदावर हे नीट दिसते, झेरॉक्सवर दिसेलच असे नाही. चारकोपमधल्या आमच्या ओळखीच्या एका घरी निकाहनाम्याचा मराठी अनुवाद करून आणला, तर त्यात महर ११,००० रुपये! घरातल्या खाला म्हणाल्या, “माझा महर अकराशे होता, मला चांगलं आठवतंय.” महर हा बीवीचा हक्क आहे, त्याचा आकडा चुकीचा राहू देणे बरे नाही. अनुवाद झेरॉक्सवरून झाला होता.

मूळ निकाहनाम्याचा फोटो आणि झेरॉक्सचे स्कॅन आम्ही संगणकावर शेजारी शेजारी उघडले. फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर हा प्रोग्रॅम घरगुती वापरासाठी मोफत आहे; त्यात एका वेळी चार चित्रे ताडून पाहता येतात. एक चित्र मोठे केले की दुसरेही तितकेच मोठे होते, एक सरकवले की दुसरेही सरकते. महरच्या ओळीवर गेलो. झेरॉक्सवर तीन टिंबे, मूळ कागदावर दोनच. तिसरा होता मशीनच्या काचेवरचा डाग.

दोन्ही चित्रे एकत्र हलतात कशी? प्रत्येक खिडकी आपला झूम आणि जागा यांवर लक्ष ठेवते. काही बदलले की ती दुसरीला कळवते. खरी मेख पुढे आहे. दुसरी हलली की तीही पहिलीला कळवणार, पहिली पुन्हा दुसरीला. मग चित्र थरथरतच राहील. म्हणून सांगण्यावरून हललेल्या खिडकीला त्या वेळेपुरते गप्प बसवावे लागते. खिडकी लहानमोठी केली तरी दृश्य बदलते, हे मात्र काही प्रोग्रॅम विसरतात.

आणखी एक अडचण घरी हमखास येते. ए-फोर कागदाचे ३०० डीपीआयचे स्कॅन २,४८० पिक्सेल रुंद असते, मोबाइलचा फोटो बहुधा याहून मोठा. दोन्ही १०० टक्क्यांवर ठेवले तर अक्षरे लहानमोठी दिसतात आणि ओळी जुळत नाहीत. आधी दोन्ही चित्रे सरळ करून कागदाच्या कडेपर्यंत कापावीत, खिडकीत पूर्ण मावतील अशी ठेवावीत, मगच मोठी करावीत.

चारकोपची बरीच वस्ती म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने भूखंड पाडून वसवली. त्या काळची वाटपपत्रे आता विरत चालली आहेत. त्यांच्या प्रतीही अशाच तपासून ठेवाव्यात.

उर्दू मूळ आणि मराठी अनुवाद समोरासमोर ठेवताना मात्र ही जोडी तोडावी. उर्दू ओळ उजवीकडून सुरू होते, मराठी डावीकडून; दोन्ही एकत्र सरकवले तर एकीकडे नाव दिसते आणि दुसरीकडे तारीख. तिथे एकेक रकाना बोट ठेवून वाचावा, आणि शक्यतो घरातल्या उर्दू जाणणाऱ्या बुजुर्गांना शेजारी बसवावे.