गृहव्यवस्था : रंगारी आणि पॉलिशवाला

भाद्रपद सरत आला कीं घराघरांतून एकच विचार सुरू होतो : यंदा घराला रंग द्यावयाचा कीं नाहीं ? द्यावयाचा ठरला म्हणजे ओळखीचा रंगारी येतो, भिंतींवरून एकवार नजर फिरवितो आणि 'वहिनी, दसऱ्याला हात लावतों, आठवड्यांत घर मोकळें करून देतों' असें सांगून दर बोलतो. थोडी ओढाताण होते, दर खालीं येतो आणि उभयतां समाधानानें उठतात. आमच्या मतें खरें बोलणें येथें व्हावयाचेंच राहिलेलें असतें.

कारण रंगाऱ्यास आपण पैसे देतों ते मुख्यतः रंगापूर्वींच्या कामाचे. जुने पोपडे पत्र्यानें खरवडणें, ओल कोठून येते तें पाहणें, भेगांत लांबी भरणें, ती वाळल्यावर काचकागदानें घांसणें, अस्तराचा हात देणें, यांतच दिवस जातात. वरचे दोन हात त्यामानानें लवकर उरकतात. दर पाडून घेतला कीं रंगारी घांसण्याचे दिवस कमी करतो, आणि तें आपणांस पुढील पावसाळ्यापर्यंत कळत नाहीं. म्हणून दराआधीं विचारावें : खरवडणार किती, लांबी किती वेळां भरणार, प्रत्येक हातामागून वाळूं किती देणार ? ठरेल तें कागदावर उतरवूनच विसार द्यावा. मोजणीहि आपण करावी. १० फूट लांब, रुंद व उंच अशा खोलीच्या भिंती ४०० चौरस फूट व छत १०० चौरस फूट भरतें. त्यांतून दारें-खिडक्या वजा होणार कीं नाहीं हें आधींच बोलून घ्यावें. काम मालासकट उक्तें दिलें असल्यास डबे आपल्यासमोर फोडावयास सांगावें.

पावसांत भिजलेली बाहेरची भिंत दसऱ्यापर्यंत आंतून सुकतेच असें नाहीं, आणि ओल्या भिंतीवरचा रंग फुगून सुटतो. घरांत कार्य नसेल तर दिवाळीचा हट्ट सोडून माघांत काम काढावें. भिंती कोरड्या असतात, आणि रंगारीहि एकाच वेळीं चार घरीं धांवत नसतो.

एका गोष्टीकडे मात्र सुशिक्षित घरांतहि दुर्लक्ष झालेलें आम्हीं पाहिलें आहे. दारें, खिडक्या, गज यांवरील जुन्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव पुष्कळ. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनीं मर्यादा आली. १ नोव्हेंबर २०१७ पासून दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें असलेला रंग बनविण्यास व विकण्यास मनाई आहे. त्यापूर्वींच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी व हिरव्या छटांत, तें पुष्कळच अधिक असूं शकतें. रंग शाबूत असेपर्यंत भय थोडें. पण कोरडाच घांसला कीं त्याची धूळ होते, ती रांगत्या मुलाच्या हातास लागते आणि हातावरून तोंडांत जाते. शिशानें मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, आणि तो पुढें भरून निघत नाहीं. निर्धोक म्हणावें असें प्रमाणच शास्त्रज्ञांस सांपडलेलें नाहीं. तेव्हां जुना तैलरंग पाणी मारून ओलाच घांसावयास सांगावें, जमिनीवर अंथरूण घालावें, केरसुणी न फिरवितां ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें, आणि तेवढे दिवस मुलांस व गर्भवतीस दुसऱ्या घरीं ठेवावें. रंगारी तर ती धूळ वर्षभर खातो. त्याला चांगला मास्क आपणच आणून द्यावा, आणि जेवणाचा डबा उघडण्यापूर्वीं साबण-पाणी पुढें करावें. त्याच्या चहाची कपबशी निराळी ठेवण्याची तत्परता अद्यापि ज्या घरांत आहे, तेथें साबणाची आठवण सहसा होत नाहीं !

कपाटांची गोष्ट निराळी. आजोबांच्या वेळचें सागवानी कपाट काळवंडलें म्हणजे पॉलिशवाला सर्व खरवडून वर मेलामाईन मारण्याचा सल्ला देतो. त्याआधीं कपाटाच्या आंतल्या कोपऱ्यांत स्पिरिटाचा बोळा क्षणभर धरून पाहावा. जागा चिकट झाली तर तें लाखेचें पॉलिश समजावें. लाख स्पिरिटांत विरघळते, त्यामुळें नवा हात जुन्यांत मिसळून जातो. मळ काढून, हलकेंच घांसून वर दोन-चार हात दिले कीं पुष्कळदां कपाट सोलण्याचें कारणच पडत नाहीं. मेलामाईन पाण्यास व गरम भांड्यास अधिक टिकतें हें खरें, आणि जेवणाच्या टेबलास तें द्यावेंहि; परंतु त्यावर ओरखडा उठला तर तेवढ्याच जागेची दुरुस्ती बेमालूम साधत नाहीं. कपड्यांच्या कपाटावर गरम पातेलें कोण ठेवतो ? कॉस्टिक सोड्यानें जुनें पॉलिश काढूं देऊं नये. सागवान त्यानें काळें पडतें. दमट हवेंत लाखेवर पांढुरकी झांक येते, म्हणून हें कामहि कोरड्या दिवसांतच काढावें. आधीं दाराच्या आंतल्या अंगास वीतभर नमुना करवून घ्यावा व दुसऱ्या दिवशीं उजेडांत पाहून मग होकार द्यावा.

जवसाच्या तेलाचे बोळे कोपऱ्यांत ढीग करून ठेवूं देऊं नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊं शकतात. पाण्यांत बुडवून मगच टाकावे. उरलेला रंग घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून त्यावर खोलीचें नांव व छटेचा क्रमांक लिहून ठेवावा.