वाळवंटातली विहीर

वाचकहो, विहिरीची किंमत तुम्हांला सांगायला नको. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून गुरे हाकत नेण्यासाठी आखलेली कॅनिंग वाट सुमारे १,८५० किलोमीटर लांब आहे. २००५ साली एका पोलिश तरुणाने ती सायकलवरून, मोटारीची सोबत न घेता पार केली. वाळूत चाक रुतू नये म्हणून टायर रुंद होते. सगळा शिधा बरोबर होता. पाण्यासाठी मात्र आधार वाटेवरच्या जुन्या विहिरींचा.

हे पाणी कोणी दाखवले? १९०६ साली पाहणीला निघालेल्या आल्फ्रेड कॅनिंगने तिथल्या आदिवासींना साखळ्या घालून त्यांचे पाणवठे दाखवायला लावले. पुढे बहुतेक विहिरी तिथेच खोदल्या गेल्या. सायकलस्वाराचे धाडस मोठेच. पण घोटभर पाणी पिताना ते मूळचे कोणाचे, हे विसरू नये.