खंडेनवमीची आज्ञावली

खंडेनवमीस भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांतून यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात, ते उचितच होय. परंतु संगणकनियंत्रित यंत्राचे खरे शस्त्र म्हणजे त्याचा प्रोग्रॅम. त्यास हळदकुंकू कोठे वाहणार? काही नियंत्रकांवर १०० या आकड्यापुढील दशांशचिन्ह राहून गेले, तर टूल १०० मिलिमीटरऐवजी अवघे ०.१ मिलिमीटर उचलले जाते आणि पुढच्याच झेपेत क्लॅम्पवर आदळते. त्या वेळी यंत्रासमोर उभा असतो तो कारागीर. प्रोग्रॅम लिहिणारा बहुधा कचेरीत! म्हणूनच पूजा आटोपताच मुहूर्ताचा नग घाईने कापण्याची रीत आम्हांस खटकते. नारळ अवश्य वाढवावा. पण त्या मुहूर्तावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः यंत्रापाशी यावे आणि धातूस स्पर्श न करता तो ओळीओळीने चालवून दाखवावा. आणि कुंकवाची बोटे स्लाईडवर नकोत, दारावर उमटवावीत.