उत्पत्ती, निर्मिती आणि राखण

बायबलमधील पहिल्या पुस्तकाला मराठीत ‘उत्पत्ती’ हे नाव रूढ झाले. या एका शब्दाने मराठी वाचकाच्या मनात जी अपेक्षा जागी होते, तिची दखल आपण पुरेशी घेतलेली नाही. उत्पत्ती म्हटले की पाठोपाठ स्थिती आणि लय हे शब्द आपल्या कानांत आपोआप उमटतात. हिब्रू परंपरेत या पुस्तकाचे नाव त्याच्या पहिल्याच शब्दावरून ‘बेरेशीथ’, म्हणजे ‘प्रारंभी’, असे आहे. त्यात केवळ आरंभाचा निर्देश आहे. फिरून येण्याची सूचना नाही. पुढे नोहाच्या कथेतील महापुराला आपण ‘जलप्रलय’ म्हटले, तेव्हा तर आपले वर्तुळ जवळजवळ पुरे झाले. मूळ कथेला मात्र वर्तुळ ठाऊक नाही. तिच्यात सहा दिवसांचे काम आहे आणि सातव्या दिवसाचा विसावा आहे.

दुसरा अडथळा क्रियापदाचा. पहिल्याच वाक्यात हिब्रू ग्रंथ ‘बारा’ हे क्रियापद योजतो. घडविणे, करणे या अर्थाने ते संपूर्ण हिब्रू बायबलात केवळ देवाच्या संदर्भात येते. कुंभार, सुतार वा राजा यांच्या करणीस ते कधी लावलेले नाही. याला मराठीत काय म्हणावे? ‘सृष्टी’ हा शब्द ज्या ‘सृज्’ धातूपासून आला, त्याचा अर्थ आतून बाहेर सोडणे असा आहे. कोळी जसा स्वतःतून तंतू सोडतो, तसे. ‘निर्माण’ या शब्दात मोजमाप आहे, म्हणजे तो कारागिराचा शब्द. आणि ‘उत्पन्न’ म्हणजे वर आलेले, उगवलेले. तिन्ही शब्द उत्तम आहेत, आणि तिन्ही वेगळे काही सांगतात. जग हे कर्त्याच्या पोटातून आले की कर्त्याहून निराळे असे घडविले गेले, हा वाद आपल्याकडे शतकानुशतके चालला. त्याचा निकाल अनुवादकाला पहिल्या ओळीतच देऊन टाकावा लागतो.

तुलनात्मक अभ्यासात साम्य दाखविण्याची घाई फार असते. नासदीय सूक्त आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय शेजारी ठेवायचे, दोहोंतील अंधाराकडे आणि पाण्याकडे बोट दाखवायचे, की काम संपले. परंतु ते सूक्त शेवटी साऱ्यांवरच्या अध्यक्षालाही हे ठाऊक असेल का, अशी शंका घेऊन थांबते. उत्पत्तीतील देव आपले काम पुनःपुन्हा पाहतो आणि ते चांगले असल्याचा निर्वाळा देतो. हा भेद पुसून टाकण्यात कोणाचेच हित नाही.

मराठीत ही कथा सविस्तर सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांचा. 1579 मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ. साष्टीतील एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण गुरूला विचारतो की, तुम्ही आमची जुनी पुराणे वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? या प्रश्नातून ग्रंथ सुरू होतो. माझ्या मते मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. ज्याच्या हातून कथा काढून घेतल्या, त्याने मागितल्या त्या कथाच, सिद्धान्त नव्हेत. स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आणि बायबलचा देव ओवीच्या चालीवर आणून बसविला. यात गमावले काय? थोडे निश्चितच गमावले. पण जी भाषा लोकांच्या ओठांवर होती तिच्यातच ती कथा राहिली, हे त्याहून मोठे. (या पुराणाची फादर नेल्सन फालकाव यांनी सिद्ध केलेली आवृत्ती 2009 मध्ये निघाली ती बेंगळुरूहून.)

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. उत्पत्तीच्या आरंभी कथा एक नाही, दोन आहेत. देवाच्या नावांतील फरकावरून झाँ आस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने 1753 मध्येच तसे सुचविले होते. पहिल्या कथेत वनस्पती, प्राणी आणि शेवटी मनुष्य. तोही नर आणि नारी असा एकदमच, देवाच्या प्रतिरूपात. दुसरीत आधी मातीचा पुरुष, मग बाग, मग प्राणी आणि अखेरीस स्त्री. क्रियापदेही बदलतात. पुरुषासाठी ‘यात्सर’, म्हणजे कुंभाराची क्रिया. गोरोबांच्या मराठीला ती परकी वाटू नये. स्त्रीसाठी ‘बाना’, म्हणजे बांधणे, घर किंवा वेदी बांधतात तसे. जिला आपण ‘फासळी’ म्हणतो त्या ‘त्सेला’ शब्दाचा अर्थ अन्यत्र ‘बाजू’ असा होतो. कराराच्या कोशाच्या बाजूंनाही तोच शब्द आहे. आणि स्त्रीला ज्या शब्दाने ‘साहाय्यक’ म्हटले, तो ‘एझेर’ हा शब्द स्तोत्रांत खुद्द देवासाठी येतो.

मग व्याख्यानांतून, प्रवचनांतून आणि शालेय पुस्तकांतून फासळीच तेवढी का उरली? पहिल्या अध्यायातील ती एकदम घडलेली जोडी कोठे गेली? पंडिता रमाबाईंचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. ज्या स्त्रीने संस्कृत ग्रंथ मुखोद्गत केले होते, तिने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला एकटीने संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि तेही संस्कृत पारिभाषिक शब्द शक्य तेथे टाळून, खेड्यातील बाईला कळेल अशा भाषेत. 1922 मध्ये त्या वारल्या. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला, मुक्तिसदनातील स्त्रियांनी छापलेला. त्या अनुवादाची चर्चा भाषेच्या सोपेपणापाशीच थांबते, याचे मला आश्चर्य वाटते. मधला पंडित वगळून एका स्त्रीने मूळ शब्दाशी गाठ घेतली, हा त्यातील खरा विशेष आहे.

याच ओघात जोतीराव फुले आठवतात. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त (1873) ब्रह्म्याच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून वर्ण जन्मल्याच्या कथेला अत्यंत खोचक प्रश्न विचारले. 1891 मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी कर्त्यासाठी ‘निर्मिक’ हा शब्द योजिला. त्यांनी बायबलला प्रमाण मानले नाही. कोणताच ग्रंथ मानला नाही. तथापि शब्दाची निवड पाहावी. जो स्वतःच्या अवयवांतून माणसे काढतो, त्याच्या अवयवांची उच्चनीचता माणसांना चिकटते. जो वेगळा राहून निर्मितो, त्याच्यापासून सारे सारख्याच अंतरावर राहतात. ज्यू धर्मशास्त्रज्ञांनी मिश्नेत हेच दुसऱ्या वाटेने म्हटले आहे: आरंभी एकच मनुष्य घडविला, तो माझा बाप तुझ्या बापाहून थोर असे कोणी म्हणू नये म्हणून. ‘सृष्टी’ की ‘निर्मिती’ हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही, तो असा.

एक प्रश्न मात्र मला येथे, बोम्मसंद्र्यात राहू लागल्यावर अधिक टोचू लागला. होसूर रस्त्यावरील ही कारखान्यांची वसाहत. ‘संद्रा’ म्हणजे ‘समुद्र’, हे कन्नड ग्रामनामांतील मोठ्या तळ्याचे नाव. देवाने पाणी एकत्र करून त्याला समुद्र म्हटले, असे पहिल्या अध्यायात आहे. या भागातील लोकांनी स्वतः तळी खणली आणि त्यांनाही समुद्रच म्हटले. त्याच अध्यायात मनुष्याला पृथ्वी अंकित करण्याची आज्ञा मिळते. लिन व्हाइट या इतिहासकाराने 1967 मध्ये आजच्या निसर्गनाशाचे मूळ याच धर्मदृष्टीत शोधले. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर 2015 ते 2018 या काळात वारंवार आग भडकली, तेव्हा पाणी पेटण्यासाठी हिब्रू वाचावे लागत नाही, हेही दिसले. आपल्या देवांची देवळे त्या काठावर होतीच.

शिवाय दुसऱ्या कथेची आज्ञा निराळी आहे. तेथे मनुष्याला बागेत ठेवले जाते ते ‘आबाद’ आणि ‘शामार’ या दोन क्रियांसाठी. पहिलीचा अर्थ राबणे, आणि देवाची सेवा करणे हाही तिचाच अर्थ. दुसरीचा अर्थ राखणे. मेंढपाळ कळप राखतो, पहारेकरी वेस राखतो, तसे. कोकणात आणि गोव्यात गावाच्या सीमेवर ‘राखणदार’ असतो, त्याला नारळ ठेवल्यावाचून बी पेरीत नाहीत. स्टीफन्स यांच्या साष्टीतील श्रोत्यांना तो नक्कीच ठाऊक होता. सत्तेची आज्ञा आणि राखणीची आज्ञा एकाच पुस्तकात, एका पानाच्या अंतराने उभ्या आहेत. त्यांतली पहिलीच तेवढी आपल्याला पाठ कशी झाली?