घामाचे नेदराइट आणि दामाचा बाजार

'व्हिडीओ गेम' हा शब्द कानी पडताच सुशिक्षित मराठी घरांतून एक ठरीव उद्गार निघतो, 'मुले वाया चालली!' वक्तृत्व स्पर्धेच्या विषयांपासून पालक मेळाव्यातील अध्यक्षीय भाषणांपर्यंत या निकालाची घोकंपट्टी अखंड चालू असते. निकाल देणाऱ्यांपैकी किती जणांनी आरोपीची साधी चौकशी केली, असे विचारले तर मात्र सभागृहात शांतता पसरते. चौकशीविना दिलेल्या निकालाला न्याय म्हणत नाहीत. तो बौद्धिक आळस असतो. आणि या आळसाची किंमत मुलांना मोजावी लागते. सर्व खेळांना एकाच काठीने हाकणाऱ्या वडीलधाऱ्यांना, मुलाकडून कष्ट करवून घेणारा खेळ कोणता आणि मुलाच्या हातून घरचा पैसा काढून घेणारा खेळ कोणता, हे ओळखताच येत नाही.

या दोहोंतील भेद समजून घ्यायचा तर 'माइनक्राफ्ट'इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. स्वीडनच्या मार्कुस पर्सन या तंत्रज्ञाने २००९ मध्ये हा खेळ लोकांपुढे आणला. स्टॉकहोमच्या मोजांग या कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये तो पूर्णरूपाने प्रसिद्ध केला. सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २५० कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले आणि २०२३ मध्ये खेळाच्या विकल्या गेलेल्या प्रतींची संख्या ३० कोटींच्या पलीकडे गेली. ज्या खेळाचा प्रसार एवढा, त्याचे स्वरूप मात्र विलक्षण साधे आहे. माती, दगड, लाकूड, पाणी, सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे. ठोकळे फोडायचे, साठवायचे, त्यांतून अवजारे घडवायची आणि मनाजोगते बांधकाम करायचे.

एका धातूसाठी केवढा खटाटोप!

या जगातील सर्वांत टणक धातूचे नाव नेदराइट. जून २०२० मध्ये तो खेळात समाविष्ट झाला. हा धातू मुलांच्या हाती कसा येतो, हे एकदा सविस्तर पाहिले पाहिजे.

खेळाचा आरंभ रिकाम्या हातांनी होतो. आधी झाड तोडून लाकडाची कुदळ करायची, तिने दगड, दगडाच्या कुदळीने लोखंड, लोखंडाच्या कुदळीने हिरे. हिऱ्यांची कुदळ हाती आल्यावर 'नेदर' नावाच्या पाताळसदृश प्रदेशात उतरायचे. तेथे तापलेल्या लाव्ह्याचे समुद्र आहेत. पाऊल चुकले की पदरचे सारे जळून खाक. या प्रदेशाच्या खडकात 'एन्शन्ट डेब्री' म्हणजे प्राचीन अवशेष नावाचे दुर्मीळ ठोकळे दडलेले असतात. तळाकडील १५व्या पातळीच्या आसपास ते त्यातल्या त्यात अधिक मिळतात, तेही एका जागी एक ते तीन. गुहांतून नुसते भटकून ते दिसत नाहीत, कारण मोकळ्या हवेला लागून ते निर्माणच होत नाहीत. खणल्याशिवाय दर्शन नाही! एका ठोकळ्यातून अनेक हिरे मिळवून देणारी 'फॉर्च्यून' नावाची जादूदेखील येथे निष्प्रभ ठरते.

खणून काढलेला ठोकळा भट्टीत तापवला की त्याचा एक तुकडा मिळतो. असे चार तुकडे आणि सोन्याच्या चार विटा मिळून नेदराइटची एक वीट होते. तिने हिऱ्याची एक वस्तू सुधारता येते. चिलखताचे चार भाग, तलवार, कुदळ, कुऱ्हाड, फावडे आणि नांगरणीचे अवजार अशा नऊ वस्तूंचा हिशेब केला, तर ३६ अवशेष आणि सोन्याच्या ३६ विटा लागतात. मूळ नऊ वस्तू घडवायला ३५ हिरे लागलेले असतात ते वेगळेच. जून २०२३ पासून आणखी एक अट आली. प्रत्येक वस्तूसाठी एक विशेष साचा खर्ची पडतो. तो नेदरमधील पडक्या गढ्यांत शोधावा लागतो आणि त्याची एक नक्कल करायला सात हिरे मोजावे लागतात. एकच साचा सापडलेल्या मुलाला नऊ वस्तूंसाठी आणखी ५६ हिरे जमवणे भाग आहे. दहा-बारा वर्षांचे मूल हा त्रैराशिकाचा व्यवहार बोटांवर करते, आणि तेच मूल गणितात लक्ष घालत नाही म्हणून आपण कपाळाला हात लावतो!

युक्तीलाही येथे वाव आहे. नेदरमध्ये बिछान्यावर झोपू गेल्यास त्याचा स्फोट होतो. खेळणाऱ्यांनी या संकटाचेच साधन केले. स्फोटाने भोवतीचा खडक उडतो, पण प्राचीन अवशेष स्फोटाला दाद देत नाहीत आणि उघडे पडतात. बिछान्यासाठी लोकर हवी, लोकरीसाठी मेंढ्या हव्यात. म्हणजे पाताळातील धातूसाठी आधी पृथ्वीवर मेंढ्या पाळायच्या! नियम न मोडता नियमांचा अभ्यास करून श्रम वाचवणे, यालाच व्यवहारात अक्कलहुशारी म्हणतात.

मोल कशाचे?

'पण हे सारे खोटेच ना? पडद्यावरचा खडक आणि पडद्यावरचा धातू!' असा आक्षेप तत्काळ येईल. त्याचे उत्तर खुद्द खेळातच आहे. माइनक्राफ्टमध्ये 'क्रिएटिव्ह' नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात प्रत्येक वस्तू हवी तेवढी, हवी तेव्हा, विनासायास मिळते. नेदराइटचे डोंगर रचा, कोणी अडवणार नाही. तेथे मुले राजवाडे उभारतात, नगरे वसवतात. परंतु आपल्याजवळ नेदराइटची तलवार आहे, असे कोणतेही मूल तेथे अभिमानाने सांगत नाही. धातू तोच, रंग तोच, आकार तोच. मग मोल कोठे गेले? मोल त्या चौकोनी ठोकळ्यात कधी नव्हतेच. ते खणण्यात होते, लाव्ह्याच्या काठावर धरलेल्या धीरात होते, दोनदा सर्वस्व गमावून तिसऱ्यांदा कुदळ उचलण्यात होते. ही गोष्ट मुलांना उपदेशाविना कळलेली असते.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पिढ्यांना हे नव्याने सांगावे लागू नये. माती कालवून, हात बरबटून, तीन वेळा ढासळलेला बुरूज चौथ्यांदा उभा करून झालेला किल्ला आणि बाजारातून आणलेला प्लास्टरचा तयार किल्ला यांतील अंतर ज्यांना कळते, त्यांना माइनक्राफ्टमधील नेदराइटही कळायला हवे. तयार किल्ला घरी आणणाऱ्या हातांनीच मुलांच्या खेळाला नावे ठेवावीत, हा दांभिकपणा झाला.

टंचाई खणणारे आणि टंचाई विकणारे

खरा धोका दुसरीकडेच आहे. अनेक मोबाइल खेळ फुकट मिळतात आणि तेथेच मेख असते. त्यांतही दुर्मीळ वस्तू असतात. पण त्या मिळवण्याचा मार्ग मुद्दाम कंटाळवाणा ठेवलेला असतो. मूल कंटाळले की पडद्यावर दुकान उघडते. रुपये टाका, वाट पाहणे टळेल. याहून वाईट प्रकार बंद पेटीचा. पैसे आधी द्यायचे, आत काय निघेल ते नशिबावर! बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये काही नामांकित खेळांतील अशा पेट्या त्या देशाच्या जुगारविषयक कायद्याचा भंग करतात, असा स्पष्ट निर्वाळा दिला होता.

या बाजाराचे भाट सांगतात की, ग्राहकाला निवड हवी आणि त्याचा वेळ वाचतो. वेळ वाचतो? खेळण्याचा वेळ वाचवण्यासाठी पैसे द्यावे लागत असतील, तर तो खेळ कसला? कृत्रिम टंचाई तर दोन्हीकडे आहे. माइनक्राफ्टमधील प्राचीन अवशेषांची संख्याही कोणा प्रोग्रॅमरनेच ठरवली आहे. प्रश्न एवढाच की, त्या टंचाईच्या कुलपाची किल्ली कोणाच्या हाती? एके ठिकाणी ती खेळणाऱ्या मुलाच्या मनगटात आहे, दुसरीकडे दुकानदाराच्या गल्ल्यात. आणि किल्ली गल्ल्यात असली की कुलूप अधिकाधिक घट्ट करण्यात दुकानदाराचे हित असते.

माइनक्राफ्टही धुतल्या तांदळासारखे आहे, असा दावा कोणी करू नये. खासगी सर्व्हर चालवणारी मंडळी खेळातील शस्त्रे आणि सामर्थ्य रोख पैशाला विकू लागली, तेव्हा जून २०१४ मध्ये मोजांगला जाहीरपणे सांगावे लागले की, खेळात वरचढ ठरवणाऱ्या गोष्टी विकता येणार नाहीत. त्यावर विक्रेत्यांनी मोठा कांगावा केला. पुढे २०१७ मध्ये खेळाच्या एका आवृत्तीत अधिकृत बाजारपेठच आली आणि 'माइनकॉइन' नावाचे चलन देऊन पोशाख, सजावट, तयार जगे विकली जाऊ लागली. चलनाचे नाव वेगळे असले की खर्च झालेला पैसा घरचाच आहे, याचा मुलांना विसर पडतो. तो पडावा, हीच योजना असते. त्यामुळे डोळे मिटून विश्वास टाकावा असा खेळ कोणताच नाही.

विवेक हवा

भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्यात पैसे लावून खेळायचे खेळ एकीकडे आणि ई-स्पोर्ट व सामाजिक खेळ दुसरीकडे, असा भेद केलेला आहे. पहिल्यावर बंदी, दुसऱ्याला प्रोत्साहन. देशाच्या कायद्याला जो भेद करावासा वाटला, तो घराच्या दिवाणखान्यात करता येऊ नये काय?

वेळेचे बंधन हवेच. झोप, अभ्यास आणि मैदान यांच्या वाट्याचे तास नेदरमध्ये पुरले जात असतील, तर कुदळ काढून घेण्याचा आईवडिलांना पूर्ण अधिकार आहे. खणण्याला अंत नसतो. दीपस्तंभासारख्या 'बीकन'चा पायाच मुळी नेदराइटच्या ठोकळ्यांनी पूर्ण बांधायचा म्हटला, तर ५,९०४ अवशेष लागतील. पुरे कोठे म्हणायचे हे मूल आपोआप शिकत नाही, ते घरानेच शिकवावे लागते. पण जो स्वतः कधी शेजारी बसला नाही, त्याचे 'पुरे' मुलाला नुसते दटावणे वाटते. आणि कष्टाच्या खेळावर सरसकट बंदी आली की मूल चोरून जो खेळ उघडते, तो बहुधा फुकटचा, म्हणजेच दुकानाचा असतो.

म्हणून पालकांनी आज एवढेच करावे. मुलाने पडद्यावरची चमकती वस्तू अभिमानाने दाखवली, तर मान फिरवू नये. शेजारी बसून विचारावे, 'हे कसे मिळवलेस?' उत्तरात बोगदे, भट्टी, मेंढ्या आणि फसलेले प्रयत्न आले, तर पाठ थोपटावी आणि ठरल्या वेळी खेळ थांबवायला सांगावे. उत्तरात रुपयांचा आकडा आला, तर त्याच क्षणी त्या खेळाचे दुकान बंद करावे. आणि दोन्ही उत्तरे ऐकण्याइतकीही सवड ज्यांना नाही, त्यांनी मुले वाया चालल्याची भाषणे निदान बंद ठेवावीत.