पदवीला गुण, पदवीधराला नकार

कॅनडाने १९६७ साली स्थलांतरितांची निवड गुणपद्धतीने करण्यास आरंभ केला. वर्ण आणि वंश पाहून माणसे आत घेण्याची जुनी रीत मोडून शिक्षण, वय, भाषा आणि अनुभव यांना गुण देणारी ही पद्धत त्या काळाच्या मानाने निःसंशय पुरोगामी होती. परंतु एखाद्या देशाने माणसाच्या पदवीला गुण देऊन त्याला दारात बोलवावे आणि आत आल्यावर तीच पदवी अपुरी ठरवावी, या व्यवहाराला कोणते नाव द्यायचे? भारतातून तेथे जाणाऱ्या वास्तुविशारदांना गेली कित्येक वर्षे हाच अनुभव येत आहे.

यातील मेख घटनात्मक आहे. परदेशी माणसांची निवड मुख्यतः केंद्र सरकार करते. व्यवसायाचा परवाना मात्र प्रांताच्या अखत्यारीत, आणि प्रांताने तो अधिकार व्यवसायाच्या संस्थेकडे सोपवलेला. म्हणजे बोलावणारा एक आणि अडवणारा दुसरा. जाब विचारायला जावे तर केंद्र प्रांताकडे बोट दाखवते, प्रांत संस्थेकडे आणि संस्था नियमावलीकडे. स्थलांतरासाठी पदवीच्या मूल्यांकनाचा जो अहवाल सरकार स्वीकारते, तो परवान्यासाठी पुरेसा नाही, हेही सरकारच सांगते!

ओंटारिओ प्रांताचे उदाहरण घ्यावे. टोरोंटोमुळे सर्वांत अधिक भारतीय तेथेच जातात. तेथील कायद्याने केवळ ‘आर्किटेक्ट’ ही उपाधीच नव्हे, तर कामही राखून ठेवले आहे. काही अपवाद वगळता तीन मजल्यांहून उंच किंवा ६०० चौरस मीटरहून मोठ्या इमारतीचा आराखडा परवानाधारकाखेरीज कोणी करू शकत नाही. मुंबईत पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून दहा-पंधरा वर्षे निवासी संकुले आणि रुग्णालये उभी केलेल्या माणसाला तेथे आरंभ करावा लागतो तो पदवीच्या समकक्षतेपासून. वीस वर्षांपूर्वीच्या अभ्यासक्रमाचा तपशील महाविद्यालयाने शिक्कामोर्तब करून पाठवावा लागतो. आणि भारतीय विद्यापीठांच्या खिडकीवर असा कागद मिळवणे म्हणजे काय, हे येथील वाचकाला सांगण्याची गरज नाही. समकक्षता पदरात पडली, तरी पुढे परवानाधारकाच्या देखरेखीखाली ३,७२० तासांची नोंदवलेली उमेदवारी आणि त्याखेरीज परीक्षा. अनुभवी परदेशी वास्तुविशारदांसाठी कागदपत्रे आणि मुलाखतीची निराळी वाट अलीकडे काढली आहे हे खरे. पण तिचाही खर्च उमेदवाराच्याच खिशातून होतो, आणि तो अशा वेळी होतो की ज्या वेळी घरभाडे आणि मुलांच्या हिवाळी कपड्यांचीच विवंचना असते.

खरी गोम त्या ३,७२० तासांत आहे. ही उमेदवारी मिळायची तर कोणीतरी नोकरीवर ठेवले पाहिजे, आणि नोकरीवर ठेवणारा विचारतो, ‘कॅनडातील अनुभव आहे काय?’ ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली या अटीला सकृद्दर्शनी भेदभाव ठरवले. २०२१ मध्ये प्रांताने कायदा करून अनेक नियंत्रित व्यवसायांच्या संस्थांना ही अट घालण्यास मनाई केली. दोन्ही गोष्टी अभिनंदनीय आहेत. पण संस्थेच्या नियमातून अट गेली म्हणून मालकाच्या मनातून ती जात नाही. तेव्हा हा माणूस एखाद्या कार्यालयात ड्राफ्ट्समन म्हणून बसतो. आराखडा तो काढतो, जिन्याचे आणि गाळ्यांचे गणित तो सोडवतो, चुका तो निस्तरतो. सही आणि शिक्का दुसऱ्याचा पडतो. कौशल्य वास्तुविशारदाचे आणि मजुरी आरेखकाची! या दोहोंतील फरक कोणाच्या खिशात जातो हे सांगायला मार्क्सचे ग्रंथ उघडण्याची गरज नाही. मान्यतेला लागणारा विलंब हा प्रशासकीय गोंधळ आहे असे म्हणणारे भोळे तरी असावेत किंवा त्या फरकाचे वाटेकरी तरी.

यावर ठरलेले उत्तर सुरक्षिततेचे असते. तेथे बर्फ पडते, जमीन गोठते, छपरावरील हिमाचा भार मोजावा लागतो, घरे लाकडी सांगाड्याची असतात, अग्निसुरक्षेचे नियम निराळे असतात. हे सर्व मान्य. इमारत कोसळली तर मरणारा माणूस वास्तुविशारदाची निवड करणारा नसतो. तो बहुधा भाडेकरू असतो. म्हणूनच मिल्टन फ्रीडमन यांच्यासारख्यांचा, परवाना ही कल्पनाच रद्द करा आणि सारे बाजारावर सोडा, हा उपाय समाजवाद्यांना पत्करता येणार नाही. परंतु प्रश्न हिमाचाच असेल, तर हिमाची परीक्षा घ्यावी. स्थानिक बांधकाम-संहिता, हवामान आणि कायदा यांवर एक परीक्षा आणि पगारी देखरेखीचा ठरावीक काळ एवढ्याने ते काम भागते. शिवाय कॅनडाचा अमेरिकेशी परस्पर मान्यतेचा करार आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशीही तशी व्यवस्था झालेली आहे. सिडनीत ज्याच्या छपरावर हिमाचा कणही पडत नाही अशा वास्तुविशारदाला काही अटींवर वाट मोकळी होते, तेव्हा बर्फाचा युक्तिवाद कोठे वितळून जातो? ब्रिटननेही युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२३ साली असे करार केले, ते अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशीच. या देशांच्या शिक्षणपद्धती एकमेकांशी जुळतात, असे त्याचे समर्थन केले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण कोणाची पद्धत तपासून पाहायची आणि कोणाची नाही, हे आधी ठरते आणि जुळणी मागाहून सापडते.

व्यावसायिकांच्या संघांची ही वृत्ती नवी नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच कारागिरांच्या श्रेणींवर आणि त्यांच्या सात-सात वर्षांच्या उमेदवारीवर कोरडे ओढले होते. दीर्घ उमेदवारीने कामाचा दर्जा राखला जात नाही, स्पर्धक तेवढे दूर राहतात, असे त्याचे म्हणणे होते. मीस व्हान डेर रोह यांच्यासारख्या विश्वविख्यात वास्तुविशारदालाही न्यूयॉर्कमध्ये सीग्राम इमारतीचे काम चालू असताना परवान्यासाठी अडवण्यात आले होते, कारण माध्यमिक शिक्षणाचा दाखला नव्हता. मीस यांचे नाव मोठे होते म्हणून ती हकिगत ग्रंथांत गेली.

आता हिशेबाची दुसरी बाजू. या माणसाच्या शिक्षणाचा खर्च कोणी केला? सरकारी महाविद्यालयांत शिकलेल्यांच्या बाबतीत तो येथील करदात्याने केला, आणि त्या करदात्यांत मिठावर आणि काडेपेटीवर कर भरत आलेला शेतमजूरही होता. जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात परदेशी गेलेल्या सुशिक्षितांच्या उत्पन्नावर कर बसवून तो विकसनशील देशांकडे वळवण्याची कल्पना मांडली, ती याच हिशेबातून. पण निदान गेलेल्या माणसाचे ज्ञान तेथे कामास येते, असे त्या कल्पनेत गृहीत होते. येथे तर गरीब देशाने घडवलेला माणूस श्रीमंत देशाने फुकट घेतला आणि वापरलाही नाही. अशा तोट्याला अर्थशास्त्रात कोणीच धनी नसतो. सोसावा मात्र त्या कुटुंबाला लागतो.

दोष परक्यांवर ढकलून मोकळे होण्याची सोय मात्र भारताला नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने येथील परिषदेला परदेशी संस्थांशी परस्पर मान्यतेची बोलणी करण्याचा अधिकार दिलेला आहे. वास्तुशिक्षणाच्या समकक्षतेसाठी २००८ साली कॅनबेरा करार झाला, तेव्हा अमेरिका, कॅनडा, चीन, दक्षिण कोरिया आणि मेक्सिको येथील संस्था त्यात सामील झाल्या. भारताची परिषद त्यांत नव्हती. अभियांत्रिकीच्या वॉशिंग्टन करारात मात्र भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला. म्हणजे मनावर घेतले तर जमते. अर्थात असे सदस्यत्व मागायचे तर बाहेरच्यांना महाविद्यालये दाखवावी लागतात. शिक्षणसम्राटांनी जी वास्तुविद्येची दुकाने गावोगाव थाटली आहेत, त्यांतील कित्येकांत तपासणीच्या दिवसापुरते अध्यापक हजर असतात, ही उघड गुपिताची गोष्ट आहे. प्रामाणिक विद्यार्थ्याच्या पदवीचे मोल टोरोंटोत घसरते, त्याची सुरुवात काही अंशी येथेच होते.

आणि सरकारचे काय? व्यापारी करारांच्या वाटाघाटींत व्हिसाच्या संख्येवर जोर असतो. पदवीच्या मान्यतेचा प्रश्न ‘व्यावसायिक संस्थांनी आपसांत बोलावे’ या कलमात गुंडाळला जातो. सिंगापूरशी २००५ साली झालेल्या सर्वंकष करारात लेखापाल, वास्तुविशारद, डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका या पाच व्यवसायांची नावे घालून बारा महिन्यांत परस्पर मान्यतेची बोलणी पुरी करण्याचे ठरले होते. परिचारिकांच्या करारावर सह्या झाल्या त्या २०१८ मध्ये. बारा महिन्यांच्या कामाला तेरा वर्षे लागली, आणि त्या तेरा वर्षांत संसदेत किती सदस्यांनी वाणिज्य मंत्र्यांना याचा खुलासा विचारला, हे कामकाजाच्या नोंदींत शोधून पाहण्यासारखे आहे.