मुलाला मठ्ठ म्हणण्याआधी



आपल्या मनवेलपाड्यात कोकणातले, मराठवाड्यातले, विदर्भातले लोक शेजारी झाले. गाव सुटले, पण रक्तातला आजार सोबत येतो. सिकलसेल हा तसाच आजार. तो आईबापांकडून येतो. १९५८ साली शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिले. विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत तो जास्त आढळतो.

यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय ठणकतात, ते सर्वांना कळते. पण मेंदूतली बारीक वाहिनी तुंबली, तर काही वेळा झटका येत नाही, मूल रडतही नाही. मेंदूचा छोटा भाग मात्र निकामी होतो. तीव्र सिकलसेल असलेल्या साधारण तीन मुलांपैकी एकाला अशी मूक इजा होते, असे परदेशातील पाहण्यांत दिसले. मग मुलाचे लक्ष लागत नाही, ते वर्गात मागे पडते. घरात कोणी हात उगारतो, कोणी अंगारा लावतो.

ही इजा एम.आर.आय.मध्ये दिसते. ते यंत्र म्हणजे मोठे लोहचुंबक. त्यात एक्स-रेचे किरण नसतात. आवाज मोठा होतो, न हलता पडून राहावे लागते, म्हणून मुलाला आधी समजावावे. अंगात धातू बसवला असल्यास आधी सांगावे. खुब्याच्या हाडाची खराबीही यात एक्स-रेच्या आधी कळते.

तीव्र आजाराच्या मुलांचा शाळेच्या सुरुवातीच्या वयात निदान एकदा मेंदूचा एम.आर.आय. करावा, असे अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली सुचवले. इजा सापडल्यास नियमित रक्त चढवून पुढची इजा कमी करता येते, हे २०१४ च्या अभ्यासात दिसले. मात्र सिकलसेल आहे की नाही, हे रक्ततपासणीच सांगते. प्रत्येक दुखण्याला एम.आर.आय. लागत नाही. डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

खाजगीत खर्च हजारोंत जातो. म्हणून सरकारी वा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जावे. परळच्या के.ई.एम.च्या आवारात रक्ताच्या आजारांची राष्ट्रीय संशोधन संस्थाही आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने रिपोर्ट एका फाईलीत लावून वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्राची चौकशीही करा.

बाबासाहेबांमुळे शाळेचे दार आपल्याला उघडले. त्या शाळेत आपले पोर आजाराने मागे पडत असेल, तर त्याला छडी नको, तपासणी हवी.